कुठी चालल्या जी?

आषाढात मी अंगणवाडीच्या खुर्चीतून उठले,
आणि माघात गोंदियाच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं:
रोज पाच किलोमीटर चालणे.
गोळ्यांच्या खाली, गोळीसारखंच,
सकाळी एकदा, खाण्याआधी.

आता आमच्या टोल्यावर चालायचं म्हणजे
कशाला तरी चालायचं.
सरपणाला, मोहाला, डिंकाला,
हरवलेल्या कालवडीला,
तलाठ्याच्या सहीला.
नुसतं चालणारं माणूस
गावानं अजून पाहिलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी पीठगिरणीपाशी झनकलाल रहांगडाले:
"कुठी चालल्या जी, बाई?"
"कुठीच नाही."
त्यानं गिरणी बंद केली,
नीट ऐकू यावं म्हणून.
"कुठीच नाही," मी परत म्हटलं.
"बरं," तो म्हणाला, "जपून जाजा."

तलावाची पाळ संपते तिथून वाट जंगलात शिरते.
एकतीस वर्षं मी इथूनच सायकल ढकलली,
कॅरियरला तांदळाचं पोतं, डोक्यात हजेरीपट.
वाटायचं, हे जंगल आपल्याला पाठ आहे.
पण पोतं सांभाळणाऱ्याला झाडं दिसत नाहीत.
सावल्या दिसतात,
त्याही अजून किती उरल्या ते मोजायला.

आता कळलं,
धावडा एकदम झडत नाही.
आधी तांबूस होतो,
चिंचेनं अर्धाच घासलेल्या गडव्यासारखा,
आणि आठवडाभर तसाच राहतो,
कुणी पुढचं घासायला यावं म्हणून.
मोवई तर केव्हाच मोकळी झालेली.
वर खडकात कुल्लू,
पांढराफटक, उघडाबंब,
आंघोळीचं पाणी आणायला गेलेलं कुणी
परत आलंच नाही, असा उभा.

आणि साग.
सागाचं पान पडतं ते पान पडल्यासारखं नाही,
मागे कुणी सूप ठेवावं तसं.
धप्प.
मी वळून बघते.
कुणी नाही.
चार पावलं चालते.
धप्प.

चौथ्या दिवशी देवका कोडापे सोबत आली.
"एकट्या नोका जाऊ, मोहाखाली अस्वल येते."
पण तिला माझ्यासारखं चालणं जमेना.
काडी दिसली की वाकायची,
शेणाची गोवरी दिसली की थांबायची,
परतेपर्यंत डोक्यावर मोळी.
"रिकाम्या डोक्यानं मान दुखते वो, बाई."

एक दिवस नाल्याकाठच्या कुसुमाखाली मात्र
तिनं मोळी उतरवली.
सगळं रान अंगावरचं काढून ठेवत होतं
आणि हा एकटा लालभडक कोवळी पानं घालून,
भलत्याच तारखेला लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा.
उन्हात पानं अशी की
बोटं आरपार दिसावीत.
आम्ही बसलो.
किती वेळ ते घड्याळाला ठाऊक, आणि ते घरी.
बऱ्याच वेळानं देवका म्हणाली,
"याच्या लाकडाचं मुसळ हाये माह्या घरी.
याले असं बिनकामाचं कधी पायलं नव्हतं."
मग उठली, आणि मोळीतली एक काडी
उगीचच काढून तिथं ठेवली.

गिरणीपाशी झनकलाल वाट बघत असल्यासारखा:
"काय आणलं जी?"
मी मूठ उघडली.
सागाचं जुनं पान, किड्यानं मधलं सगळं खाल्लेलं,
नुसती जाळी उरलेली.
त्यानं ते घेतलं, डोळ्याला लावलं,
रस्ता पाहिला, तलाव पाहिला,
माझ्याकडे पाहिलं.
परत दिलं तेव्हा
जाळीच्या घराघरात ज्वारीचं पीठ.

साखर आहे तेवढीच आहे.
डॉक्टर म्हणतो, अजून चाला.

काल सकाळी गिरणीला कुलूप.
पाळीवर, हात मागे बांधून,
वर झाडांकडे बघत, ठेचकाळत,
झनकलाल येत होता.
"कुठी चालले जी?" मी विचारलं.
तो गडबडला.
"कालवड हरपली," म्हणाला.

त्याच्याकडे गाय कधीच नव्हती.
मी म्हटलं, "नाल्याकडे बघा.
कुसुमाखाली."